कोमेजलं, सुकलं, की मर लागली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरचे, घरात मराठी, शाळा हिंदीतली. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक हिंदीतून मराठीत करताय. त्यात ‘मुरझाना’ चार वेळा, ‘कुम्हलाना’ एकदा आणि ‘उकठा’ दोनदा आलंय. तुम्ही सातही ठिकाणी ‘कोमेजणे’ वापरलंत, ‘उकठा रोग’चा ‘कोमेज रोग’ केलात, आणि महाराष्ट्रात बसलेल्या तपासणाऱ्या बाईंनी सगळा मजकूर लाल करून परत पाठवला. शब्दकोशात तर ‘कोमेजणे’ बरोबर दिसतो, मग चुकलं काय, असं तुम्ही विचारताय.

शब्द चुकला नाही, जागा चुकल्या. सातपैकी फार तर एका ठिकाणी ‘कोमेजणे’ शोभतो. हे मी तोऱ्यात सांगत नाही. याच शब्दाने मीही एकदा लोकांची रोपं मारलेली आहेत. ते पुढे सांगतो.

इंदुरात माझी रोपवाटिका आहे, सत्तावीस वर्षं झाली. जोडीला बियाण्यांच्या पाकिटांवरचा आणि खतांच्या पोत्यांवरचा मजकूर हिंदीतून मराठीत करून देतो. त्यामुळे हा शब्द मला दोनदा भेटतो, सकाळी कुंडीत आणि रात्री कागदावर. हिंदीतलं ‘मुरझाना’ ऐसपैस आहे. पान लुळं पडलं तरी तेच, फूल सुकलं तरी तेच, अख्खं झाड गेलं तरी बऱ्याचदा तेच. आपल्या इंदुरी मराठीत ‘रोप मुरझलं’ सर्रास चालतं. घरात चालू द्या, छापू नका. मराठीने हा मुलूख पाच-सहा शब्दांत वाटून टाकलाय, आणि कुठला शब्द घ्यायचा ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: हे परत उभं राहणार आहे का?

‘कोमेजणे’मध्ये आशा शिल्लक असते. पानातलं पाणी कमी झालं, पेशींचा ताठा गेला, पण जीव आहे. मंडईतून आणलेली मेथीची जुडी पिशवीत राहून जाते, संध्याकाळपर्यंत पानं चिंधीसारखी लोंबायला लागतात. देठ जरासे कापून तासभर पाण्यात उभी केली की परत ताठ. ती जुडी कोमेजली होती. आत काय घडतं ते पाहायचं असेल तर काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून दहा मिनिटं थांबा. काकडीला पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. पेशीतलं पाणी बाहेर गेलं की पेशी ढिली पडते, एवढीच ती गोष्ट. कुंडीतल्या पानाचं पाणी मिठाऐवजी ऊन ओढतं आणि मुळं तेवढ्या वेगाने वर पोचवू शकत नाहीत.

‘वाळणे’मध्ये आशा नाही. पान बोटांत चुरगाळा: कोमेजलेलं असेल तर मऊ घडी पडेल, वाळलेलं असेल तर चुरा होईल. ‘सुकणे’ या दोघांच्या मध्ये उभं असतं आणि दोन्हीकडे जातं. ‘पाण्याविना रोप सुकलंय, पाणी घाल’ असंही म्हणतात आणि ‘झाड सुकून गेलं’ असंही. ‘सुकून गेलं’मधलं ‘गेलं’ काय करतं ते बघा, दार बंद करतं. माहितीपत्रकात म्हणूनच ‘सुकणे’ जपून वापरावं, मागेपुढे काही जोडून. ‘करपणे’ वेगळंच. तिथे पाण्यापेक्षा भाजल्याचा भाव असतो, कडा तपकिरी होतात. आमटी करपते तसं. रोगाचं नाव ‘करपा’ त्यावरूनच पडलं. ‘मुरझाना’साठी ते घेऊ नका.

आता ‘कोमेजणे’ची दुसरी अट, जी शब्दकोशात सापडत नाही. त्याला कोवळेपणा लागतो. मोगऱ्याचा गजरा कोमेजतो, पालक कोमेजतो, कोवळं रोप कोमेजतं. बाभूळ कोमेजली असं कोणी म्हणणार नाही, बाभूळ वाळते. निवडुंग सुरकुततो, आक्रसतो, कोमेजत नाही. माणसांतही तेच. उन्हातून आलेलं पोर कोमेजलेलं दिसतं, बोलणी खाल्लेल्या मुलीचा चेहरा कोमेजतो, पण ‘आजोबा कोमेजले’ म्हटलं तर कानाला खटकतं. आजोबा थकतात. आणि उलट दिशेने पाहिलं तर त्याच मुलीची ‘कळी खुलते’. म्हणजे झाडाकडून चेहऱ्याकडे गेलेली ही वाट जाऊन-येऊन मराठीत पक्की बसलेली आहे.

‘मलूल’ची वाट नेमकी उलटी. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि मुळात माणसाच्या मनाचा आहे: कंटाळलेला, खिन्न. मराठीत तो आजारपणाकडे झुकला. ‘ताप आल्यापासून मूल मलूल पडलंय’, ‘म्हैस सकाळपासून मलूल आहे, रवंथ करत नाही’. झाडाला तो चेहऱ्यावरून मिळाला. त्यामुळे ‘रोप मलूल दिसतंय’ म्हणताना आपण कारण सांगत नसतो, फक्त लक्षण सांगत असतो, घरातलं माणूस ताप बघायला कपाळाला हात लावायच्या आधी सांगतं तसं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. ‘हिरमुसणे’ मात्र माणसालाच ठेवा. रोप हिरमुसलं हे कवितेत ठीक, पाकिटावर नाही.

‘म्लान’ संस्कृतातून सरळ आलेला. नळ-दमयंतीची गोष्ट आठवा. स्वयंवरात चार देव नळाचंच रूप घेऊन बसतात आणि दमयंतीपुढे पाच नळ. खरा कुठला ते तिला माणसाच्या खुणांवरून कळतं: त्याची सावली पडते, अंगावर घाम आणि धूळ आहे, पापण्या लवतात, आणि गळ्यातली माळ म्लान झालेली आहे. देवांच्या माळा ताज्याच. हा शब्द सुंदर आहे, पण शेतकऱ्यासाठी छापायच्या कागदावर तो येऊ देऊ नका. हिंदीतली ‘म्लानि’ पाहून काही भाषांतरकार ‘म्लानी बिंदू’ वगैरे लिहितात. वाचणारा तिथेच कागदाची घडी घालतो.

त्या बिंदूमागची कल्पना मात्र कामाची आहे. १९१२ साली ब्रिग्ज आणि शांट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या मातींत रोपं वाढवून पाहिलं की मातीत किती ओल उरली असता रोप कायमचं मान टाकतं. ‘कायमचं’ ठरवायची रीत अशी की लुळं पडलेलं रोप दमट हवेत ठेवायचं आणि पाणी न घालता ते उभं राहतं का पाहायचं. राहिलं तर तात्पुरतं, नाही तर कायमचं. पुढे या चाचणीसाठी सूर्यफुलाचं रोप वापरायचा प्रघात पडला. म्हणजे शास्त्राची कसोटीही तीच निघाली, जी आपल्या आज्या ‘कोमेजलं’ आणि ‘गेलं’ यांत फरक करताना लावत होत्या. आणखी एक गोष्ट, माळव्याची काळी माती हाताळणाऱ्यांसाठी: चिकण मातीत रोप माना टाकत असतानाही बरंच पाणी शिल्लक असतं. माती ते इतकं घट्ट धरून ठेवते की मुळांना ओढता येत नाही. बोटाला ओल लागते आणि रोप तहानलेलं असतं. वाळूत असं होत नाही, तिथे पाणी संपलं की खरंच संपलेलं असतं.

‘मान टाकणे’ हा वाक्प्रचार मला सगळ्यांत आवडतो आणि सगळ्यांत चुकीचा वापरलेला दिसतो. पावसाने ओढ दिली की पिकं माना टाकतात, हे मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी वाचायला मिळतं आणि ते चोख आहे. सोयाबीन त्याच्या आधी इशारा देतं. पानं उलटी वळून खालची फिकट बाजू वर दाखवतात, लांबून शेत रुपेरी दिसायला लागतं. पण ‘मान टाकणे’साठी मान लागते, म्हणजे देठ किंवा शेंडा वाकलेला दिसला पाहिजे. फुलदाणीतला गुलाब मान टाकतो. कापलेल्या देठात हवा शिरून पाणी वर चढायचं थांबलेलं असतं. देठ पाण्याखाली धरून बोटभर कापला तर पुष्कळदा सावरतो. जमिनीवर पसरलेल्या पालकाला मानच नाही, तो लोळतो किंवा मऊ पडतो.

आणि प्रत्येक वाकलेली मान टाकलेली नसते. ज्वारीचं कणीस दाण्याच्या भाराने लवतं. पिकलेलं सूर्यफूल मान खाली घालतं आणि पाठीमागून पिवळं पडतं, तेव्हा ते काढणीला आलेलं असतं. वाऱ्याने आडवा झालेला गहू लोळतो. लाजाळू आणि संध्याकाळची चिंच पानं मिटतात. यांतल्या कशालाही कोमेजलं म्हटलंत की शेतकरी हसतो, आणि हसला की पुढचा मजकूर वाचत नाही.

आता ‘उकठा’. हा तुमच्या मजकुरातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आणि त्याला मराठीत एकच उत्तर आहे: मर. ‘हरभऱ्याला मर लागली’ असं बोलतात, ‘मर रोग’ असं छापतात. ‘कोमेज रोग’ कानाला घडवलेला वाटतो याचं कारण साधं आहे: ‘कोमेजणे’पासून बोलीत नाम रुळलेलंच नाही. क्रियापद आहे, ‘कोमेजलेला’ आहे, पण ‘कोमेज’ म्हणून वस्तू नाही. ‘मर’ ही वस्तू आहे, लागते, पसरते, शेतात खळगे पाडते. (कोंबड्यांत होते ती मात्र मरतूक. तिथे ‘मर’ लिहू नका.)

हरभऱ्यातली मर फ्युजेरियम नावाच्या बुरशीने होते. ती मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या धरते, म्हणून माती ओली असूनही झाड तहानेने जातं. सुरुवातीला पानं हिरवी असतानाच शेंडा वाकतो, आणि फसगत होते ती इथेच, कारण दिसायला ते कोमेजल्यासारखंच दिसतं. फरक चाकूने कळतो. झाड उपटून खालचा देठ उभा चिरा: बाहेरून मूळ धड दिसतं, कुजलेलं नसतं, पण आत मधोमध काळपट तपकिरी रेघ वर गेलेली असते. तुरीत त्याच वंशातली दुसरी बुरशी असते; तिथे बहुधा चिरावंही लागत नाही, बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा खोडावर बाहेरूनच दिसतो. टोमॅटो-वांग्यात जिवाणूची मर असते. देठाचा ताजा तुकडा पाण्याच्या पेल्यात उभा धरला तर कापल्या जागेतून दुधट धागा खाली उतरताना दिसतो. हे मी गिऱ्हाइकांना काचेच्या पेल्यात दाखवतो आणि त्यानंतर ते औषध मागायचं थांबवतात, कारण लागलेल्या झाडावर उपाय नसतो. हरभऱ्याची बुरशी पीक नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकून राहते. करायचं ते पेरणीच्या आधी: बीजप्रक्रिया, फेरपालट, आणि विजय, दिग्विजय किंवा आपल्याकडचं जेजी ३१५ असं मर सहन करणारं वाण.

म्हणून इथे शब्दाची चूक महाग पडते. शेतकऱ्याने ‘कोमेज’ वाचलं तर तो पाणी सोडेल. ‘मर’ वाचलं तर बियाणं बदलेल.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण निमाडातल्या कापसाचा मजकूर तुमच्याकडे कधी ना कधी येणारच. कपाशीत ‘आकस्मिक मर’ म्हणतात ती बुरशीची नसते. लांब उघडीप पडते, पीक तहानलेलं असतं, मग एकदम जोराचा पाऊस होतो किंवा भरपूर पाणी दिलं जातं, आणि झाडं एका-दोन दिवसांत माना टाकतात. नावात मर आहे, पण तो रोग नाही. तिथे ‘मर रोग’ लिहू नका, ‘आकस्मिक मर’ एवढंच लिहा.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पाकिटासाठी ‘पौधा मुरझाए तो पानी दें’चं मराठी केलं: ‘रोप कोमेजल्यास पाणी द्यावे’. व्याकरण शुद्ध, वाक्य छोटं, मी खूश. तेच वाक्य मग माझ्या कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरही छापून घेतलं. पावसाळ्यात लोकमान्य नगरातल्या एक काकू तुळशीची कुंडी रिक्षात घालून घेऊन आल्या. पानं लोंबत होती. म्हणाल्या, “अहो, तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय तसं करतेय. कोमेजली की पाणी घालते. सकाळी घातलं, दुपारी घातलं, कालपासून चार वेळा घातलं, आणि ही आणखीच कोमेजते.” मी कुंडी उलटी केली. खालचं भोक मातीने बुजलेलं, आतला गोळा चिखल, आणि नाल्यासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात आली आणि आतला दोऱ्यासारखा धागा तेवढा राहिला. पाण्याने मुळं गुदमरली होती. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे पाण्यात उभी असलेली तुळस वरून तहानलेली दिसत होती. काकूंनी एकही गोष्ट चिठ्ठीबाहेरची केली नव्हती. त्यांना दुसरी तुळस दिली आणि उरलेल्या चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडल्या.

‘कोमेजणे’ वाचलं की मराठी माणसाच्या मनात पाणीच येतं, गजऱ्यावर आपण पाणी शिंपडतो तसं. त्यामुळे कारण माहीत नसेल तिथे मी तो शब्द वापरत नाही. ‘मलूल’ वापरतो. त्याने वाचणारा थांबतो आणि काय झालंय ते बघतो.

तेव्हा तुमच्या जागा. गिलकीच्या वेलीचं वाक्य, ‘दोपहर में पत्ते मुरझा जाते हैं, शाम को ठीक हो जाते हैं’, इथे ‘कोमेजतात’ अगदी बरोबर आहे: ‘कडक उन्हात दुपारी पानं कोमेजतात, संध्याकाळी पुन्हा ताठ होतात.’ महाराष्ट्रासाठी असेल तर गिलकीचं घोसाळं करा, तिकडे सगळ्यांना गिलकी कळेलच असं नाही. हरभऱ्याच्या वाक्यात ‘उकठा’ आणि ‘मुरझाकर’ दोन्ही आहेत, त्याचं ‘मर रोगात झाडं माना टाकतात आणि पुढे वाळून जातात’. ‘तूर में उकठा’ या मथळ्याचं ‘तुरीवरील मर’. ‘कुम्हलाए फूल तोड़ दें’मध्ये ‘कोमेजलेली’ लिहायचा मोह होईल, कारण कुम्हलाना आणि कोमेजणे कानाला जवळचे वाटतात. पण झेंडूचं जे फूल खुडून टाकायचं आहे त्यात आशा नाही. ‘सुकलेली फुलं खुडून टाका.’ देवावरून उतरवलेली असती तर निर्माल्य म्हटलं असतं, कोमेजलेली असोत वा ताजी.

मग उरलं तेच वाक्य, पाणी देण्याचं. मी आता असं लिहितो: ‘रोप मलूल दिसलं तर आधी मातीत बोट घालून पाहा. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या.’ काळ्या मातीच्या शेतासाठी बोटाची परीक्षा पुरत नाही हे वर आलंच आहे, तिथे ‘सकाळी ऊन चढायच्या आधी पाहा, तेव्हाही रोपं लुळी असतील तर पाण्याचा ताण किंवा मुळाचा बिघाड समजा’ असं घाला. पण हे भाषांतर नाही, दुरुस्ती आहे. कंपनीला विचारल्याशिवाय करू नका. विचारताना ‘हिंदीतही बदला’ असं जरूर सुचवा. माझ्याकडच्या एका कंपनीने बदललं होतं, दुसरीने बदललं नाही.

सातवी जागा चित्राखालची आहे, ‘मुरझाया पौधा’. ते चित्र तुम्ही जोडलेलं नाही, म्हणून त्याचं उत्तर देता येत नाही. देठ चिरलेला दाखवला असेल तर मर, भेगाळलेल्या जमिनीत असेल तर पाण्याअभावी माना टाकलेलं रोप, आणि नुसतंच कुंडीतलं लोंबणारं रोप असेल तर मलूल. चित्र पाठवा, मग बघू.